घाम वाळला तरच

मे महिन्यात नागपुरात माठातलं पाणी प्यायलं की दात शिवशिवतात. तोच माठ उचलून दादरच्या एखाद्या चाळीत ठेवला तर पाणी फार तर नळाच्या पाण्याहून थोडं बरं लागेल. माठ तोच, माती तीच, फरक हवेत आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता सोबत घेऊन जातं. नागपूरची कोरडी हवा ते पाणी शोषून घेते. मुंबईची हवा आधीच वाफेने भरलेली असते, आणखी पाणी घ्यायला तिच्यात जागाच नसते, त्यामुळे माठ नुसता ओला राहतो. पाण्याचे कूलर विदर्भात घरोघरी दिसतात आणि मुंबईत जवळजवळ दिसतच नाहीत, त्याचंही कारण हेच.

लांब पल्ल्याचं धावणाऱ्या माणसाचं शरीर म्हणजे असाच एक माठ. फक्त या माठाच्या आत चूल पेटलेली असते.

आधी चुलीचा हिशेब करू, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे साठ किलोचा माणूस तासाला १० किलोमीटरच्या वेगाने धावला तर तासाभरात ६०० किलोकॅलरी. यातली जेमतेम पाव ऊर्जा पाय हलवण्याच्या कामी येते. उरलेली, म्हणजे निदान ४५० किलोकॅलरी, स्नायूंमध्ये उष्णता होऊन बसते. साठ किलोचं शरीर एक अंश सेल्सिअसने तापायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता अंगातच कोंडून राहिली तर दर सात मिनिटांच्या आत एक अंश चढेल आणि ३७ वरून निघालेलं शरीर अर्ध्या तासाच्या आत ४१ ला पोचेल. जानेवारीतल्या महाबळेश्वरातसुद्धा हा हिशेब तेवढाच खरा आहे. धावणाऱ्याला ऊन तापवतं ते नंतर, त्याआधी त्याच्या स्वतःच्या मांड्या आणि पोटऱ्याच त्याला तापवत असतात. हवेवर अवलंबून असतं ते एवढंच, की ही उष्णता बाहेर पडते की नाही.

बाहेर पडायच्या वाटा मोजक्या. कातडीचं तापमान साधारण ३४-३५ अंश असतं. हवा वीस अंशांची असेल तर कातडीवरून वाहताना ती उष्णता घेऊन जाते. हवा ३५ ला पोचली की ही वाट बंद होते, आणि चाळीसच्या वर तर उलटी वाहू लागते, हवाच अंगाला तापवते. त्यात डोक्यावरचं ऊन आणि खालून डांबराची धग. मग एकच वाट उरते, घामाची. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या साठ किलोवाल्याची ४५० किलोकॅलरीची चूल पाऊण लिटर घामात थंड राहू शकते. अट एकच, तो घाम वाळला पाहिजे. कपाळावरून ओघळून रस्त्यावर पडलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन गेला, उष्णता मात्र तिथेच ठेवून गेला.

वाळण्याची ही ताकद किती मोठी आहे हे अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये काही जणांनी स्वतःवर करून पाहिलं. १७७४ मध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन, जोसेफ बँक्स आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरने तापवलेल्या खोल्यांमध्ये जाऊन उभे राहिले. कोरड्या खोलीचं तापमान त्यांनी पुढे २६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ सेल्सिअसपर्यंत नेलं. तिथे ठेवलेली अंडी आणि मांस शिजून निघालं, माणसं मात्र धडधाकट बाहेर आली. त्याच खोलीत त्यांनी पाण्याची दोन भांडी ठेवली होती. एकातलं पाणी उघडं, दुसऱ्यातल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर. तेल घातलेलं पाणी उकळलं. उघडं पाणी वाफ सोडत राहिलं, म्हणून उकळीपासून लांबच राहिलं.

तेलाचा तो थर लक्षात ठेवा. १४ जुलै १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली, तीही तिथल्या मानाने भलत्याच उकाड्याच्या दिवशी. ६८ जण धावायला निघाले आणि जेमतेम निम्मे पोचले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखं काहीतरी चोपडलं होतं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. ब्लॅग्डेनच्या तेलाच्या थरासारखाच तो थर. घामाला वाळायला जागाच राहिली नसेल. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उष्णतेने हैराण होऊन वाटेत थांबला, एका घरच्या बागेत त्याला सरबत मिळालं आणि कुणाला न सांगता तो मायदेशी परतला. १९६७ मध्ये स्वीडनने त्याला सन्मानाने बोलावून उरलेली शर्यत पुरी करायला लावली, तेव्हा त्याची वेळ भरली ५४ वर्षं आणि ८ महिन्यांहून थोडी जास्त. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला मात्र त्या बागेत थांबण्याचा शहाणपणा मोठा वाटतो.

आता हे जुनं वाटत असेल तर आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या ग्राउंडवर एप्रिल-मे महिन्यात पहाटे जाऊन बघा. पोलीस भरतीची, सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं राऊंड मारत असतात आणि त्यातल्या दोघातिघांच्या अंगात हमखास विंडचीटर असतं, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘घाम काढतोय सर, वजन उतरतं.’ उतरतं ते पाणी, दोन तांबे प्यायले की परत येतं. आणि त्या जाकिटाच्या आत हवा कोंडून शंभर टक्के दमट झालेली असते. घाम धो धो येतो, वाळत एक थेंबही नाही. आपण भर मेमध्ये त्या पोराला मेण फासून पळवतोय, एवढाच त्याचा अर्थ. मी हे जाकीट कुणाच्याही अंगात दिसलं की थांबवून सांगतो आणि यापुढेही सांगणार.

दमटपणाबद्दल एक गैरसमज धावणाऱ्यांमध्ये फार आहे, तो जरा निवांत उलगडायला हवा. मोबाइलवर हवामान बघताना आपण आर्द्रतेची टक्केवारी बघतो. मुंबईतल्या मे महिन्यातली पहाट समजा, तापमान २८ आणि आर्द्रता ८५ टक्के. त्याच दिवशी दुपारी तापमान ३४ आणि आर्द्रता ६०. वाटतं की दुपारी हवा कोरडी झाली. तसं काही झालेलं नसतं. टक्केवारी म्हणजे हवेचं भांडं किती भरलंय ते, आणि हवा तापली की भांडंच मोठं होतं. हिशेब मांडला तर पहाटे आणि दुपारी हवेत वाफ जवळपास तेवढीच होती. म्हणजे घामाला वाळायला दोन्ही वेळी सारखाच अडथळा. पहाट बरी असते ती ऊन नसतं आणि हवा कातडीपेक्षा थंड असते म्हणून.

त्यापेक्षा दवबिंदू बघावा. बहुतेक हवामानाच्या ॲपमध्ये तो ‘ड्यू पॉइंट’ म्हणून दिलेला असतो. हवेतली वाफ खरोखर किती आहे ते तो आकडा सांगतो आणि तो दिवसभरात फारसा हलत नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही वेळी तो २५ च्या आसपास येतो. नागपुरात मेच्या दुपारी तापमान ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर दवबिंदू येतो १२ च्या आसपास, म्हणजे हवेत मुंबईच्या निम्म्याहूनही कमी वाफ. तिथे घाम येतो आणि कळायच्या आत वाळतो. अंग कोरडं राहतं, कपड्यांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, आणि आपल्याला घामच आला नाही असं वाटत राहतं. तिथला धोका वेगळा: ऊन आणि गरम हवा बाहेरून तापवतात आणि शरीरातलं पाणी न सांगता निघून जातं. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे पाणी जाताना दिसतं, उष्णता मात्र जात नाही. दोन्हीकडे धावणाऱ्याला जपायचं असतं, पण वेगवेगळ्या गोष्टींना.

अमेरिकी सैन्याने १९५० च्या दशकात सरावात कोसळणाऱ्या जवानांना वाचवण्यासाठी उष्णतेचं एक एकत्रित माप बनवलं. त्यात सत्तर टक्के भार आहे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाला, वीस टक्के उन्हातल्या काळ्या गोळ्याच्या तापमापकाला आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त दहा. आपण बातम्यांमध्ये ऐकतो तो आकडा या मापात दहा टक्क्यांचा धनी आहे, एवढं ध्यानात राहिलं तरी पुष्कळ.

आता शरीराच्या आत काय चालतं ते बघू. उष्णता स्नायूंत तयार होते आणि घाम कातडीवर येतो. मधला हमाल म्हणजे रक्त. गार हवेत धावताना रक्ताचा मोठा वाटा पायांना मिळतो, ते प्राणवायू पोचवतं आणि परत येतं. गरम हवेत कातडीही हक्क सांगते, उष्णता बाहेर टाकायला तिला रक्त हवं असतं. एकूण रक्त पाचेक लिटरच. त्यातच घामातून पाणी जातंय, म्हणजे तेही आटत चाललेलं. कातडीच्या फुगलेल्या शिरांमध्ये रक्त रेंगाळतं, हृदयाकडे परत येणारं कमी पडतं, एका ठोक्यात ढकललं जाणारं रक्त घटतं. मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. म्हणूनच घड्याळावर वेग तोच दिसतो, रस्ता सपाट असतो आणि ठोके मात्र १४५ वरून १६०, १६० वरून १७० असे चढत जातात. ‘आज फिटनेस कमी पडला’ असं वाटून खट्टू होऊ नका. हृदय त्या वेळी एकाच पगारात दोन नोकऱ्या करत असतं.

रक्ताची ही ओढाताण पोटावर निघते. आतड्यांचं रक्त कापून पाय आणि कातडीला दिलं जातं. म्हणून उन्हात धावताना जेल किंवा केळं पोटात तसंच बसतं, मळमळतं, कधी उलटी होते. उष्णता फारच वाढली तर आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि आतल्या जंतूंचे विषारी अंश रक्तात झिरपू लागतात. उष्माघातात मेंदूबरोबर यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची यंत्रणा असं सगळं एकदम कोलमडतं, त्यात या झिरपण्याचा हात असतो.

मेंदू सहसा इतकं होऊ देत नाही. तो आधीच लगाम खेचतो, पाय जड करतो, ‘पुरे’ म्हणतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच स्वयंसेवकांना त्याच जोराने, वेगवेगळ्या तापमानाच्या खोल्यांत, थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावलं. ११ अंशांत ते सरासरी दीड तासाहून थोडं जास्त टिकले. ३१ अंशांत ५२ मिनिटं. मुंबईकराला ३१ अंश म्हणजे बरा दिवस वाटतो, तिथे दम जवळपास निम्म्यावर आला. दुसऱ्या एका प्रयोगात कसलेले सायकलपटू सुरुवातीला शरीर थंड असो वा तापलेलं, आतलं तापमान ४० च्या किंचित वर गेलं की थांबायचेच. जो आधीच तापलेला निघाला तो तिथे लवकर पोचला, एवढाच फरक.

हे प्रयोगशाळेबाहेर किती खरं आहे ते २०१९ च्या सप्टेंबरमध्ये दोहात दिसलं. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन ऊन टाळायला मध्यरात्री ठेवली होती. तापमान ३२ च्या आसपास, आर्द्रता सत्तरच्या वर. सूर्य नव्हता, तरी ६८ जणींपैकी २८ जणींनी शर्यत अर्ध्यात सोडली. केनियाची रूथ चेपन्गेटिच जिंकली ती २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंदांत. तीच त्या वर्षी जानेवारीत दुबईत २ तास १७ मिनिटं ८ सेकंदांत धावली होती. आठ महिन्यांत तिचे पाय काही बदलले नव्हते. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०२३ साली इथिओपियाचा हायले लेमी २:०७:३२ मध्ये धावून गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरच्या गारव्यात शिकागोत केल्विन किप्टमने २:००:३५ ची वेळ दिली. माणसं वेगळी, पेडर रोडचा चढही आहे, पण जानेवारी असूनही मुंबईची हवा त्यात आपला वाटा घेतेच.

आणि हे सगळे शर्यतीत सर्वांत पुढे धावणारे. उष्णतेचा जास्त फटका मागून येणाऱ्यांना बसतो. सव्वादोन तासांत संपवणारा आपलं काम उरकून सावलीत बसतो, तेव्हा पाच तासांवाल्याचे अडीच-तीन तास बाकी असतात आणि तेही चढत्या उन्हातले. म्हणून हौशी धावपटूने आधी वेळेचा हट्ट सोडावा. गार हवेत सहा मिनिटांच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं घेत, धावणाऱ्याने दमट सकाळी सुरुवातच हळू करावी आणि घड्याळातल्या पेसपेक्षा ठोके आणि श्वास ऐकावा. पहिले पाच किलोमीटर चुकीच्या वेगाने धावलात तर त्या वेळी साठवलेली उष्णता पुढे पाण्याच्या ग्लासाने उतरत नाही.

तरीही मला काळजी हौशी धावपटूंपेक्षा ग्राउंडवरच्या पोरांची जास्त वाटते. हौशी माणूस चालू शकतो, थांबू शकतो, पुढच्या वर्षी येऊ शकतो. भरतीच्या पोराला थांबणं परवडत नाही. घरी जमीन दीड एकर, वय उलटायला एक वर्ष, आणि एका सेकंदावर एक गुण. मेंदू लगाम खेचतो तेव्हा हा पोरगा तो तोडतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटरच्या धावण्यात उमेदवार कोसळून दगावले आणि पुढे ते अंतर कमी करण्यात आलं. आता शिपाई पदासाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, राज्य राखीव दलासाठी मात्र ५ किलोमीटर आहेच. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत एका तासात १० किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण गेले. प्रत्येक मृत्यूच्या मागे एकटी उष्णताच होती असं कुणी म्हणू नये. पण सुरुवातीचा चुलीचा हिशेब इथे लावून बघा. साठ किलोच्या मुलाची उष्णता अजिबात बाहेर पडली नाही असं धरलं तर १६०० मीटरमध्ये शरीर दीड अंशाने तापेल, ५ किलोमीटरमध्ये साडेचार अंशांनी आणि १० किलोमीटरमध्ये नऊ अंशांनी. किलोमीटरमागे उष्णता जवळपास तेवढीच, मग जोरात धावा की हळू. जोरात धावलं तर ती बाहेर टाकायला मिनिटं कमी मिळतात, इतकंच. अंतर कमी करण्याचा निर्णय किती मोलाचा होता ते या तीन आकड्यांत आहे.

आणखी एक. जालना, बीड, धाराशिवचा पोरगा महिनोन्‌महिने कोरड्या हवेत सराव करतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरतो. झोप नाही, पोटात वडापाव, आणि सकाळी अशा हवेत धावायचं जिची त्याच्या शरीराला ओळखच नाही. ही ओळख व्हायला दिवस लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा नव्या मजुराला गरम, दमट जागेत रोज थोडं थोडं काम देऊन सरावण्याची पद्धत तिथे बसवली गेली. शरीर दहा ते चौदा दिवसांत सरावतं. पहिल्या आठवड्यातच रक्तातलं पाणी वाढतं आणि ठोके खाली येतात. मग घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं. रोज तासभर, आरामात बोलता येईल अशा वेगाने उकाड्यात धावणं किंवा चालणं पुरतं. सोडलं तर तीन-चार आठवड्यांत हा सराव निघूनही जातो. मुंबईत चाचणी असेल आणि जमत असेल तर आठ-दहा दिवस आधी कोकणातल्या, ठाण्याच्या नातेवाइकांकडे येऊन राहावं. ते नाही जमलं तर निदान आदली रात्र झोपेची असावी. नुकताच ताप किंवा जुलाब झालेले असतील तर धावूच नये. अशा आजारातून उठलेलं शरीर उष्णतेपुढे फार लवकर हात टेकतं.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे. धावण्याआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं, त्यात वाटेत प्यायलेलं मिळवा. दोन-तीनदा मोजलं की आपला घाम कळतो. कुणाचा तासाला अर्धा लिटर असतो, कुणाचा दोन. शर्यतीनंतर वजन थोडं घटलेलं चालतं, वाढलेलं मात्र अजिबात चालत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते आणि माणूस जाऊ शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरलं होतं. हळू धावणारे, वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पिणारे यात जास्त सापडतात. तहानेला धरून प्यावं. तासाहून जास्त धावायचं तर पाण्यात मीठ-साखर असावी. मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत उत्तम, औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी सांगितलेल्या एक लिटर पाण्यातच घालावी. अंगदुखीची गोळी घेऊन धावायला उतरू नका, आटलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर घाव घालते.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं: कुणी कोसळलं तर. तेल अवीवच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा काही वर्षांचा हिशेब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १,३७,५८० धावपटूंमध्ये हृदयाच्या गंभीर घटना दोन आणि मृत्यू एकही नाही. उष्माघात २१, त्यातले दोन दगावले आणि बारा जण मरणाच्या दारातून परत आले. आपल्याकडे मात्र कुणी पडलं की सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘अटॅक’. मग गाडी शोधण्यात, हॉस्पिटल गाठण्यात वेळ जातो आणि शरीर आत शिजत राहतं.

अर्थात माणूस श्वास घेत नसेल तर तिथे छातीवर दाब देणं हेच पहिलं काम. पण तो श्वास घेतोय आणि बरळतोय, उगाच भांडतोय, नाव विचारलं तर भलतंच सांगतोय, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातोय, तर उष्माघात धरून चाला. अंगाला घाम आहे म्हणून ही शंका सोडू नका. कोरडी कातडी हे लक्षण उन्हाळ्यात घरात पडून असलेल्या वृद्धांचं. धावताना उष्माघात झालेला माणूस बहुतेक वेळा घामाने निथळत असतो. कपाळाला हात लावून किंवा काखेत थर्मामीटर ठेवून खरा आकडा कळत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

१०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला तिथेच गार करा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या फालमथ गावी दर ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले आणि सगळेच्या सगळे वाचले. तिथला तंबू काही मोठं हॉस्पिटल नाही, तिथे बर्फाच्या पाण्याचे टब तयार असतात. कोसळलेल्याला उचलून गळ्यापर्यंत त्या पाण्यात ठेवतात आणि ताप उतरल्यावरच हलवतात. आधी गार करायचं, मग न्यायचं. अर्ध्या तासाच्या आत शरीर गार झालं तर माणूस सहसा वाचतो.

हे आपल्या ग्राउंडवर होण्यासारखं आहे. टब नसेल तर ताडपत्री चालते. तिच्यात त्याला झोपवा, चार जणांनी कडा उचलून धरा, दोन-चार बादल्या पाणी आणि बर्फाच्या लादीचे तुकडे आत टाका, पाणी हलवत राहा, डोकं वर धरा. तेही नसेल तर कपडे काढून अंगभर पाणी ओतत राहा, ओले टॉवेल सारखे बदला आणि पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवणं, तळपायाला कांदा चोळणं आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण ती मिनिटं पाण्याला द्या. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. आजारातल्या तापात मेंदूच तापमान वाढवायला सांगतो, गोळी त्याला समजावते. इथे मेंदू गार करायला सांगतोय आणि शरीराला ते जमत नाही. गोळीने ताप उतरत नाही, यकृताला त्रास मात्र होऊ शकतो.

तो शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला, कुडकुडू लागला की पाण्यातून काढा आणि हॉस्पिटलमध्ये न्याच, ‘आता बरा आहे’ म्हणून घरी पाठवू नका. यकृत आणि मूत्रपिंडाचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतोय, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर निदान आठवडाभर काहीही धावणं नाही. रक्ताच्या तपासण्या नीट आल्या की डॉक्टरांना विचारून सुरुवात करायची, आधी गार वेळी, थोडं अंतर, आणि उकाड्याचा सराव पुन्हा पहिल्या दिवसापासून.